बिऱ्हाड पाठीवर

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझे अमेरिकेत लेकीकडे चार महिने राहणे झाले आणि त्यातले पाच दिवस मी सिएरा नेवाडा पर्वतात पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडून आले, ही बातमी मंडळात केव्हाच फुटली आहे. त्यामुळे स्मरणिकेचे काम सुरू होताच संपादिकाबाईंनी प्रवासवर्णनासाठी माझ्यामागे तगादा लावला. प्रवासवर्णन लिहिणे हा माझा पिंड नव्हे. एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे डोंगर समोर आला की तो किती उंच आहे, त्यावर सूर्यास्त कसा दिसतो, हे नंतर सुचते. आधी सुचते ते हे, की येथे आपल्याआधी कोण येऊन गेले, कोणाच्या बळावर आले, आणि त्यांचे सामान कोणी वाहिले? तेव्हा मी लिहिते आहे तो इतिहास आहे. माझी पायपीट त्यात येईल ती जेवणात मीठ येते तेवढीच.

इतिहास सांगावयास निमित्त मात्र घरचेच आहे. येत्या वैशाखात आपल्या मंडळाच्या चौदा भगिनी कुमाऊंमध्ये पिंडारी हिमनदीच्या वाटेने जाणार, असे जवळजवळ ठरले आहे. ठरता ठरता दोन प्रश्नांवर गाडी अडली. सामान खेचरांवर घालावयाचे की आपले आपण वाहावयाचे? आणि बरोबर आचारी न्यावयाचा की नाही? तिसरा प्रश्न सभेत कोणी मांडत नाही, पण जिन्यात आणि भाजीच्या गाडीपाशी तो कानांवर येतो: "या वयात बायकांना हे कशाला हवे?" हे तिन्ही प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्या काही बायकांपुढे उभे राहिले होते. त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे.

सिएरा नेवाडा म्हणजे स्पॅनिश भाषेत हिमाच्छादित डोंगररांग. कॅलिफोर्नियाच्या पूर्वेच्या अंगाने ती सुमारे चारशे मैल पसरली आहे. हिमालयापुढे ही मंडळी ठेंगणी. त्यांतले सर्वांत उंच शिखर माउंट व्हिटनी १४,५०५ फूट, आणि पिंडारीच्या शेजारचे आपले नंदाकोट साडेबावीस हजार. पण तिथला खडक पाहून मन निवते. करडा-पांढरा ग्रॅनाइट, हिमनद्यांनी घासून घासून इतका गुळगुळीत केलेला की उन्हात घासलेल्या भांड्यासारखा चकाकतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माझ्या डोळ्यांना तो पहिले दोन दिवस खोटाच वाटला. आपल्याकडे आषाढात वारकरी चिखल तुडवीत पंढरीच्या वाटेला असतात, नेमके त्याच दिवसांत तिकडचे बर्फ वितळून वाटा मोकळ्या होतात. पाऊस जवळजवळ नसतोच. दुपारी एखादी गडगडाटी सर येऊन जाईल तेवढीच. म्हणून तिकडे उन्हाळा हाच डोंगरात जाण्याचा हंगाम.

आता या डोंगरांत पाठीवर ओझे घेऊन सर्वांत आधी कोण हिंडले? पुस्तकांत गोऱ्या गिर्यारोहकांची नावे येतात. खरे उत्तर त्या दगडांतच आहे. योसेमिटीच्या खोऱ्यात सपाट ग्रॅनाइटवर ओळीने गोल खळगे दिसतात. मला ते काय आहेत हे कोणी सांगावे लागले नाही. ती उखळे होती! मिवोक आणि पायूट या मूळच्या लोकांतल्या बायका तेथे ओक वृक्षाची कडवट फळे कुटीत, त्या पिठातला कडूपणा वाळूच्या आळ्यात पाणी घालघालून काढीत, आणि घट्ट विणलेल्या टोपलीत तापलेले दगड सोडून त्याची लापशी शिजवीत. फळे गोळा करावयाची ती शंकूसारख्या विणलेल्या टोपलीत. टोपली पाठीवर आणि तिचा पट्टा कपाळावर. खिंड ओलांडून पूर्वेकडचे लोक काचेसारखा काळा ज्वालामुखी दगड आणि पाइनच्या बिया घेऊन येत, पश्चिमेकडचे ओकची फळे देत. आज जिला गिरिभ्रमणाची वाट म्हणून नकाशात दाखवतात, ती पुष्कळ ठिकाणी या बाजाराची वाट आहे. १८५१ मध्ये एक सशस्त्र तुकडी खोऱ्यात शिरली, तिने या लोकांचे धान्याचे साठे जाळले आणि त्यांना हुसकून लावले. त्यानंतर चारच वर्षांनी तेथे हौशी प्रवासी येऊ लागले. हे सांगितल्यावाचून पुढचा इतिहास सांगणे मला प्रशस्त वाटत नाही.

गोऱ्या बायका डोंगरात येऊ लागल्या त्या हळूहळू. १८७८ च्या ऑगस्टमध्ये चार जणी माउंट व्हिटनीच्या माथ्यावर पोचल्या. त्या शिखरावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया त्याच. त्यांच्यातली ॲना मिल्स ही शाळामास्तरीण लहानपणापासून पायाने अधू होती. तुला हे झेपणार नाही, असे तिला आधी अनेकांनी बजावले होते. ती गेली, परतली, आणि पुढे त्या सफरीची हकिकत तिने स्वतः लिहून छापली. जिन्यातल्या प्रश्नाला मी एवढेच उत्तर देईन म्हणते. असो.

१८९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सिएरा क्लब स्थापन झाला. जॉन म्यूर हे त्याचे पहिले अध्यक्ष. डोंगरांवर जन्मभर जीव लावलेला मनुष्य, १९१४ मध्ये निधन होईपर्यंत तेच अध्यक्ष राहिले. क्लबचे काम डोंगरांचे रक्षण करणे. पण ज्यांनी डोंगर पाहिलेच नाहीत त्यांनी त्यांच्यासाठी भांडावे कसे? विल्यम कोल्बी नावाच्या तरुण वकिलाने यावर तोड काढली. उन्हाळ्यात सभासदांना घाऊक डोंगरात न्यावयाचे, महिना महिना ठेवावयाचे, आणि मग पाहावयाचे ती माणसे गप्प बसतात का! १९०१ च्या जुलैमध्ये पहिली सफर निघाली. शहाण्णव माणसे, मुक्काम टुऑलमीची कुरणे, समुद्रसपाटीपासून साडेआठ हजार फुटांवर. त्रेसष्ट वर्षांचे म्यूर आपल्या वांडा आणि हेलन या दोन मुलींना घेऊन आले होते. या सफरीसाठी आलेले वयोवृद्ध भूगर्भशास्त्रज्ञ जोसेफ लकाँट यांचे मात्र ती निघण्यापूर्वीच, ६ जुलैला, योसेमिटीच्या खोऱ्यात निधन झाले. तरी सफर निघाली. कोल्बींनी पुढे १९२९ पर्यंत या सफरी चालविल्या. तिकडे यांना 'हाय ट्रिप' म्हणत.

या सफरींत बायकांचा भरणा मोठा होता, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बर्कली आणि स्टॅनफर्ड येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या मुली, शाळांतल्या शिक्षिका, घरच्या गृहिणी. एकट्या बाईने डोंगरात जाणे त्या काळी वेड समजले जाई. शंभर जणांच्या मेळ्यात गेले तर ती सहल होई, आणि सहलीला नाही म्हणणे वडिलांना आणि नवऱ्याला जड जाई. आपल्याकडे वारीचे तेच नाही का? सुनेला माहेरी चार दिवस पाठवताना खळखळ करणारी सासू, तिच्या डोक्यावर तुळस ठेवून तिला पंधरा-वीस दिवस पायी पंढरपूरला घेऊन जाते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मेळ्याला एक प्रकारचे अभय असते. तळावर बायकांची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी, दांपत्यांची मध्ये, अशी व्यवस्था असे. रात्री मोठी शेकोटी, तिच्याभोवती गाणी, नकला आणि प्राध्यापकांची व्याख्यानेसुद्धा.

कपड्यांचा प्रश्न मोठा गमतीचा होता. त्या काळी पायघोळ झगा हाच सभ्य वेश. पण तो घालून खडक चढणार कसे? १९०१ च्या सूचनापत्रकात भगिनींना कळविले होते की झगा गुडघा आणि घोटा यांच्या मध्यापर्यंत आखूड असला तरी चालेल आणि त्याखाली गडद रंगाची विजार घालता येईल. 'चालेल' या एका शब्दात केवढे स्वातंत्र्य होते! शहरातून निघताना लांब झगा, डोंगरात आखूड, परतताना पुन्हा लांब. पुढच्या वीस-तीस वर्षांत झगा गेला आणि विजार उरली. हे वाचताना मला आजीच्या नऊवारीचा अभिमान वाटला. कासोटा मारला की डोंगर काय, झाड काय! आमच्या आजीला कोणाच्या परिपत्रकाची गरज कधी पडली नाही.

१९०४ च्या सफरीत मॅरियन रँडल नावाची तरुणी आली. पुढच्या वर्षी तिने क्लबच्या पत्रिकेत या सफरींवर एक खुसखुशीत लेख लिहिला. सफरी म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्या जगाला कळण्यास तो फार उपयोगी पडला. सफरीतच तिची एडवर्ड पार्सन्स यांच्याशी ओळख झाली व १९०७ मध्ये लग्न झाले. १९१४ मध्ये पार्सन्स वारले, तेव्हा क्लबच्या संचालक मंडळावरची त्यांची जागा मॅरियनबाईंनी घेतली आणि १९३८ पर्यंत सांभाळली. म्यूर यांचे अलास्काच्या प्रवासाचे हस्तलिखित अपुरे होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते छापण्याजोगे करण्याचे कामही याच बाईंनी केले. पार्सन्स यांच्या स्मरणार्थ १९१५ मध्ये टुऑलमीच्या कुरणात बांधलेले दगडी घर मी पाहिले. घराला नाव पतीचे आहे. काम कोणाचे किती, हे मी तुमच्यावर सोपवते.

या बायकांनी केवळ गाणी म्हटली आणि शिखरे मोजली असे नव्हे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्याच हद्दीत हेच हेची नावाचे दुसरे सुंदर खोरे आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराला त्यावर धरण बांधून पाणी हवे होते. १९०६ चा भूकंप आणि त्यामागोमाग लागलेली आग यांनी शहर बेचिराख झाल्यावर या मागणीला जोर चढला. सिएरा क्लब आडवा आला. सफरींत डोंगर पाहिलेले सभासद पत्रे लिहू लागले, आणि त्यांच्या जोडीला देशभरातली महिला मंडळे उभी राहिली. होय भगिनींनो, महिला मंडळेच! त्यांच्या मध्यवर्ती संघाने धरणाविरुद्ध आवाज उठविला, गावोगावच्या शाखांनी वॉशिंग्टनला पत्रांचा पाऊस पाडला. तोपर्यंत त्या देशातल्या बहुसंख्य बायकांना मतदानाचा अधिकार नव्हता; कॅलिफोर्नियात तो १९११ मध्ये मिळाला आणि सबंध देशात १९२० मध्ये. मत देता येत नाही, तर पत्र तर लिहिता येते! शहराच्या एका बड्या इंजिनियराने या विरोधकांची टर उडविली, की हे सगळे लांब केसांचे पुरुष आणि आखूड केसांच्या बायका. थट्टा करण्याची पाळी आली म्हणजे पत्रे झोंबत होती.

ती लढाई त्या हरल्या. १९ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर सही केली, १९२३ मध्ये धरण पुरे झाले आणि खोरे बुडाले. सॅन फ्रान्सिस्को आजही ते पाणी पिते. माझ्या लेकीच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचे ते शहर. तेथे एका हॉटेलात पाण्याचा पेला समोर आला तेव्हा मी तो प्याले, तहान लागली होती म्हणून प्याले, आणि पाणी फार गोड होते. प्रश्न सोपा नव्हता हे त्या पेल्याने मला शिकविले. कोयनेकाठच्या आपल्या एका सभासद भगिनीचे माहेर पाण्याखाली गेले आणि आपल्या घरातला दिवा त्याच कोयनेच्या विजेवर लागला; यात कोणाला सर्वस्वी चूक ठरवावयाचे? पण या हरलेल्या लढाईने राष्ट्रीय उद्यानांना कोणी वाली हवा हे साऱ्यांना पटले, आणि १९१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले.

आता आचाऱ्याकडे वळते, कारण मंडळात सर्वांत जास्त वाद याच विषयावर झाला.

शंभर माणसांना डोंगरात दोन वेळा जेवू कोण घालीत होते? चार्ली टक नावाचा एक चिनी आचारी व त्याचे साथीदार. पहाटे अंधारात चुली पेटवावयाच्या, सर्वांची न्याहरी करावयाची, मग चुलीची लोखंडे, पातेली, भांडी खेचरांवर लादून मंडळींच्या आधी पुढल्या मुक्कामी पोचावयाचे, आणि ती धापा टाकीत येतात तो कढत सूप तयार ठेवावयाचे. जिने कधी लग्नाची पंगत सांभाळली आहे तिला हे काय काम आहे ते सांगावयास नको. दुसरे नाव टाय सिंग. हा सरकारी मोजणीखात्याच्या तुकड्यांबरोबर जाई. १९१५ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचे खाते व्हावे म्हणून स्टीफन मेदर यांनी खासदार, संपादक अशा वजनदार मंडळींना डोंगरात नेले, त्या मेजवान्या याने रांधल्या. पावाची कणीक खेचराच्या अंगाच्या उबेत फुगावी म्हणून तो ती खेचरावर बांधून चालत नेई, आणि रानात पांढऱ्याशुभ्र चादरीवर पंगत मांडी. पुढच्या वर्षी खाते झाले. त्यात टाय सिंगच्या पावाचा वाटा किती, हे कोणी मोजलेले नाही. त्याच्या नावाचे एक शिखर मात्र नकाशावर आहे.

हे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घातली होती आणि ती १९४३ पर्यंत उठली नाही. टुऑलमीच्या कुरणांतून जाणारा पहिला गाडीरस्ता १८८२-८३ मध्ये बांधला गेला, त्यावरही चिनी मजूरच राबले होते. ज्यांनी रस्ता केला, ज्यांनी अन्न शिजविले, त्यांच्या भाऊबंदांना देशाचे दार बंद! शेकोटीभोवती बसलेल्या शंभर सुशिक्षित स्त्री-पुरुषांना हे ठाऊक नव्हते असे नाही. शेकोटीपासून जेवणाची चूल फार दूर नव्हती, पण अंतर होते.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. आचारी नेण्यास माझा विरोध नाही. ज्या भगिनींनी चाळीस वर्षे दोन वेळचा स्वयंपाक केला त्यांना आठ दिवस आयते ताट मिळाले तर ते त्यांच्या हक्काचे आहे, आणि "बायका असून आचारी कशाला?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी स्वतः एक आठवडा चूल सांभाळून मग विचारावा. पण आचारी नेलाच तर पुढच्या स्मरणिकेत सफरीच्या छायाचित्राखाली आपल्या चौदा नावांबरोबर पंधरावे नाव त्याचे छापावे, आणि त्याचा तंबू आपल्या तंबूंसारखाच असावा. कार्यकारिणीने हा ठराव करावा अशी माझी सूचना लेखी दिलेली आहे.

सामानाच्या प्रश्नाला इतिहास निराळे उत्तर देतो. कोल्बींच्या सफरी लोकप्रिय झाल्या, इतक्या की माणसे दोनशेच्या घरात गेली, आणि त्यांचे सामान वाहणारी खेचरेही तशीच वाढली. दोनशे माणसे एका कुरणात चार दिवस राहिली, शेकोटीला लाकूड तोडले, आणि खेचरे रात्रभर चरली, तर त्या कुरणाचे काय होते? डोंगरावरचे गवत वर्षातून सात-आठ आठवडेच वाढते. खुरांनी ते फाटले की पाणी त्यातून ओघळ करते, ओघळाची घळ होते आणि कुरण सुकत जाते. हे सांगितले ते शत्रूने नव्हे, क्लबच्याच जाणत्या मंडळींनी आणि उद्यानखात्याच्या शास्त्रज्ञांनी, १९४० च्या दशकात. डोंगर वाचविण्यासाठी ज्या सफरी काढल्या त्याच डोंगराला भारी होऊ लागल्या होत्या. क्लबचे मोठेपण हे, की त्यांनी ते ऐकून घेतले. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून क्लबने लहान तुकड्यांच्या सफरी सुरू केल्या होत्या. त्यांत जो तो आपले ओझे आपल्या पाठीवर वाही. पुढे मोठ्या सफरी आटत गेल्या आणि लहान वाढत गेल्या. १९६४ मध्ये अमेरिकेत रानांच्या रक्षणाचा कायदा झाला. आज योसेमिटीच्या रानात वाटेवरून चालणाऱ्या तुकडीत पंधरापेक्षा अधिक माणसे नसावीत असा दंडक आहे, वाट सोडून जाणाऱ्या तुकडीत आठ. शहाण्णवचे दोनशे झाले आणि दोनशेचे पंधरा, ते असे.

आमच्या तुकडीत नऊ जण होतो, त्यांत सहा बायका. पुढारी सत्तावीस वर्षांची मुलगी. तिची आज्ञा मोडण्याची कोणाची छाती नव्हती. टुऑलमीच्या कुरणापासून लायल नदीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे आठ-नऊ मैल जावयाचे, तेथे तळ ठोकून आसपास हिंडावयाचे, आणि त्याच वाटेने परतावयाचे. वाट बहुतेक सपाट. नदी इतकी स्वच्छ की तळाचा खडान् खडा दिसतो. माझ्या पाठीवर अकरा किलो. पहिल्या तासाला खांद्यांनी तक्रार केली, दुसऱ्या दिवशी ती थांबली, आणि तिसऱ्या दिवशी पाठपिशवी काढली की मलाच चुकल्यासारखे वाटू लागले. ओझे खांद्यांवर नव्हे, कमरेच्या पट्ट्यावर तोलावयाचे, ही त्यातली युक्ती. आपण पाण्याची घागर कमरेवर घेतो, त्याच तत्त्वावर.

तिकडची अस्वले अन्नासाठी तंबू फाडतात, म्हणून सर्व खाणे एका जाड, गोल, कुलूपवजा झाकणाच्या पिंपात ठेवणे सक्तीचे आहे. अन्नच नव्हे, साबण, दंतमंजन, वास येणारे काहीही. मी मेतकूट, गूळपापडी, सातूचे पीठ आणि लसणीची सुकी चटणी नेली होती. पुढारीण चटणीची पुडी नाकाशी नेऊन एवढेच म्हणाली की ही सर्वांत तळाशी. रात्री पिंप तंबूपासून दूर ठेवीत असू. मेतकूट-भाताचे मात्र सर्वांनी आटे मागून मागून कौतुक केले. प्रातर्विधीसाठी पाण्यापासून दोनशे फूट दूर जाऊन सहा इंच खोल खड्डा करावयाचा, तो बुजवावयाचा, आणि कागद असेल तर तो पिशवीत घालून परत आणावयाचा. हे लिहिताना संपादिकाबाई भुवया उंचावतील. पण पिंडारीला जाणाऱ्यांना याहून उपयोगी वाक्य या लेखात दुसरे नाही.

आमच्या तळावरून पुढे खिंडीच्या वाटेने चढत गेले की माउंट लायलच्या अंगावरची हिमनदी दिसते. म्हणजे दिसत असे, असे म्हणावे. तिची बरीच झीज झाली आहे आणि २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले की तिची हालचाल थांबली. जी वाहत नाही ती हिमनदी नव्हे, बर्फाचा साठा. पिंडारीही मागे मागे सरकते आहे. म्हणूनच मी म्हणते, जावयाचे तर लवकर जावे, आणि गर्दी करून जाऊ नये.

पण तिकडचा नियम जसाच्या तसा इकडे लावणे मला पटत नाही. सिएराच्या रानात आज वस्ती नाही. जी होती ती कशी गेली ते वर सांगितले. पिंडारीच्या वाटेवर खाती गाव आहे, तेथील लोकांची शेते आहेत, गुरे आहेत, आणि वाटाड्याचे व खेचरांचे काम हा त्यांचा उन्हाळ्यातला रोजगार आहे. १८३० मध्ये कुमाऊंचा इंग्रज कमिशनर ट्रेल पिंडारीच्या माथ्यावरची खिंड ओलांडून गेला. खिंडीला आजही त्याचे नाव आहे. त्याला वाट दाखविणारे मात्र तिथलेच होते. "आम्ही स्वावलंबी, आम्हाला कोणी नको," असे म्हणून आपण त्या गावातून तोऱ्यात चालत गेलो, तर त्यात गावाचे कोणते भले? तेव्हा तंबू आणि शिधा यांसाठी गावातलीच दोन खेचरे घ्यावीत, वाटाड्या तेथलाच घ्यावा, मजुरी आधी ठरवून घासाघीस न करता द्यावी. आपले कपडे, अंथरूण, पाणी आणि औषधे प्रत्येकीने स्वतः वाहावीत. सात-आठ किलोंच्या वर जाऊ नये. येत्या पौर्णिमेपासून रोज पहाटे टेकडीवर ओझ्यासह जाण्याचा सराव सुरू होत आहे. गुडघेदुखीच्या भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारून यावे.

माझ्या सामानाची वजनासह यादी कार्यालयातील फलकावर लावली आहे. ज्यांना नक्कल हवी त्यांनी चिटणीस बाईंकडून घ्यावी. यादीत आरसा नाही, तो मुद्दामच नाही. चटणी आहे.